मानाच्या तलवारीवरचा मजकूर

निळसर पातं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, हस्तिदंती मूठ आणि मधल्या चौकटीत कुणा कॅप्टनचं नाव. ब्रिटिश घोडदळातली दोनशे वर्षांपूर्वीची अशी मानाची तलवार लिलावात आली की बघणारा मनातल्या मनात लढाई रचून मोकळा होतो. या पठ्ठ्यानं मैदान गाजवलं असणार, राजानं खूश होऊन तलवार बहाल केली असणार. पात्यावरचा मजकूर मात्र पुष्कळदा वेगळंच सांगतो.

फ्रेंच स्वारीच्या धास्तीनं १७९४ पासून ब्रिटनमध्ये ‘योमनरी’ ही हौशी घोडदळं उभी राहिली. जमीनदार आणि खातेपिते शेतकरी आपापला घोडा घेऊन कवायतीला यायचे. १८०२ मध्ये फ्रान्सशी आमियांचा तह झाला, बऱ्याच तुकड्या मोडल्या आणि निरोपाच्या वेळी शिपायांनी वर्गणी काढून कॅप्टनला तलवार दिली. ‘अमुक तुकडीच्या हवालदार-शिपायांकडून आदरपूर्वक’ असा मजकूर त्या काळच्या कितीतरी पात्यांवर सापडतो. देणारे हाताखालचे, घेणारा साहेब. राजाचा त्यात संबंध नाही.

आणि लढाई? फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्समधल्या फिशगार्डजवळ सुमारे १४०० फ्रेंच सैनिक उतरले आणि दोन दिवसांत शरण आले. पेम्ब्रोकची योमनरी तेव्हा हजर होती. बाकी बहुतेकांच्या वाट्याला आल्या त्या कवायती आणि अधूनमधून दंगलीचा बंदोबस्त. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरमध्ये योमनरीच्या तलवारी खरोखर चालल्या, पण त्या संसदेत सुधारणा मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर. म्हणून पात्यावर शौर्य शोधण्याआधी सन वाचावा.

खऱ्या लढाईसाठी अधिकाऱ्याकडे वेगळी, साधी तलवार असे. हलक्या घोडदळाची १७९६ ची गाजलेली वाकडी तलवार जॉन गॅस्पर्ड ल मार्शाँ या अधिकाऱ्यानं बर्मिंगहॅमचा कारागीर हेन्री ऑसबॉर्न याच्या मदतीनं ठरवली. हाच ल मार्शाँ २२ जुलै १८१२ रोजी स्पेनमध्ये सालामांकाच्या लढाईत घोडदळाचा हल्ला चढवताना पडला. मानाच्या तलवारीला बाक अनेकदा तोच असतो, थाट तेवढा निराळा.

तो थाट म्हणजे भरीव सोनं, हाही एक लाडका समज. मुठीवरचं धातुकाम बहुधा पितळेचं किंवा तांब्याचं, वर सोन्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून धातूवर लावायचं आणि तापवून पारा उडवून द्यायचा. त्या वाफांनी कारागिरांच्या तब्येतीची वाट लागायची. पात्याची निळाई तर रंगच नव्हे. घासून लख्ख केलेलं पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, तोच निळा दिसतो. खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून पूजेला मांडायची आपली सवय इथे अंगाशी येईल. पॉलिशचे चार हात फिरले की निळाईही जाते, सोनंही जातं आणि तलवारीची किंमतही उतरते.

तरी काही तलवारी खरोखर महागड्या होत्या. लंडनच्या लॉइड्स पॅट्रिऑटिक फंडानं १८०३ पासून ३०, ५० आणि १०० पौंडांच्या तलवारी दिल्या, त्यांतल्या बहुतेक आरमाराकडे गेल्या. आजच्या जालना जिल्ह्यात असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या आर्थर वेलस्लीला कलकत्त्याच्या रहिवाशांनी १००० पौंडांची तलवार देऊ केली. इथेही देणारा राजा नव्हेच.

पात्यातली लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हे तर इतक्या ठासून सांगितलं जातं की ऐकणारा शहारतोच. पन्हळीमुळे पातं हलकं होतं आणि ताठपणा फारसा कमी होत नाही. रक्ताशी तिचं काही देणंघेणं नाही.

नावांचाही घोळ असतो. पात्यावर ‘रंकेल, सोलिंगेन’ दिसलं की तो लोहार वाटतो, प्रत्यक्षात तो जर्मनीतल्या सोलिंगेनची पाती लंडनमध्ये आणून विकणारा व्यापारी. म्यानाच्या तोंडाशी कोरलेलं नावही बऱ्याचदा दुकानदाराचंच. आणि ज्याला तलवार दिली त्याचं नाव? साध्या जुन्या तलवारीवर नंतर मजकूर कोरून भाव वाढवणारे महाभाग आहेतच. अशा वेळी जाणकार ब्रिटिश युद्धखात्यानं छापलेल्या अधिकाऱ्यांच्या जुन्या याद्या उघडतात. योमनरीच्या अधिकाऱ्यांची यादी वेगळी निघायची. त्यात तुकडी, हुद्दा आणि सन मजकुराशी जुळतो का, ते आधी पाहिलं जातं, बोली त्यानंतर.