निसटलेला टाका

आईची विणकामाची वही शंभर पानी आहे. निळा पुठ्ठा, कडेला अडकलेले लोकरीचे तंतू, आणि आत एकही चित्र नाही. 'ओळ १ सर्व सुलट. ओळ २ – २ सु., २ उ., जाळी, २ एकत्र.' एका पानावर नुसतं 'धाकट्याचा स्वेटर, १० नं. सुया, ११० टाके.' धाकटा तेव्हा केवढा होता, लोकर जाड होती की बारीक, टाका निसटला तर काय करायचं, यातलं काही तिने लिहिलं नाही. ते तिच्या हातात होतं. जे हातात असतं ते वहीत उतरवायची गरज तिला वाटली नाही.

नव्याने विणायला शिकणाऱ्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा नेमकी उलट तऱ्हा दिसते. मोबाइलवर बघून त्या पानांची, वेण्यांची, मधमाशांच्या पोळ्याची नक्षी झरझर विणतात. चाळिसाव्या ओळीत एक टाका निसटतो आणि पिशवी कपाटात जाते, ती जातेच. नमुने लाखो मिळतात. हातातलं मिळत नाही. म्हणून या लेखात नक्षी एकही नाही. बिघडलेलं कसं ओळखायचं, कसं उसवायचं आणि कसं मापात आणायचं, एवढंच आहे. माझ्या मते उपयोगाचं विणकाम ते हेच.

उसवणं हे विणकामाचं व्यंग नव्हे, ती त्याची ओळख आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधले लाल लोकरीचे पायमोजे आहेत, साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले. अंगठा वेगळा, चपलेचा पट्टा मध्ये बसावा असे. दिसतात अगदी विणलेले. पण ते दोन सुयांवरचे नाहीत. नेढं असलेल्या एकाच सुईत तोकडा धागा ओवून, प्रत्येक फासातून संपूर्ण धागा ओढून काढत ते केलेले आहेत. धाग्याचं टोक ओढून ते उसवणार नाहीत. आपल्या अर्थाने विणलेले सगळ्यांत जुने तुकडेही इजिप्तमध्येच मिळाले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले: सुती, पांढऱ्यावर निळीची नक्षी, आणि इतक्या सफाईचे की कला त्याआधी बरीच मुरलेली असणार. हे मात्र टोक ओढलं तर सरळ धागा होऊन हातात येतील. उलट टाका युरोपात पक्का दिसतो तो सोळाव्या शतकात. फ्लोरेन्समध्ये १५६२ साली पुरलेल्या एलिओनोरा ऑफ टोलेडो हिच्या पायमोज्यांत तो आहे.

आणि उलट टाका म्हणजे तरी काय? सुलट टाकाच, मागून पाहिलेला. समोरून तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, पाठीमागून डोंगरासारखा. हे एकदा डोळ्यांत बसलं की ओळी मोजायला वही लागत नाही, व्ही मोजायचे. २ सुलट २ उलटची पट्टी ताणून परत का मिटते तेही कळतं: सुलटचे उभे पट्टे पुढे येतात, उलटचे मागे सरकतात, कापडाला घड्या पडतात. म्हणून ती मनगटाला आणि कमरेला. आणि नुसत्या सुलट बाजूच्या पट्ट्याच्या कडा गुंडाळतात म्हणून रडायचं कारण नाही, त्या गुंडाळणारच. दोन्हीकडून सुलटच विणलं, की कड सपाट राहते. शिकणाऱ्याला पहिला मफलर असाच विणायला द्यावा.

आता निसटलेला टाका. हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सुईवर एक टाका कमी भरतो, खाली बघावं तर एक फास मोकळा लोंबतोय आणि त्याच्यावर आडव्या धाग्यांची शिडी तयार झाली आहे. घाबरून ओढाताण केली की शिडी आणखी दोन पायऱ्या उतरते. हात थांबवायचे. विणकाम मांडीवर सपाट पसरायचं, सुलट बाजू वर. क्रोशाची सुई पुढून त्या मोकळ्या फासात घालायची, शिडीची सगळ्यांत खालची पायरी आकड्यात पकडायची आणि फासातून पुढे ओढायची. एक टाका झाला. मग वरची पायरी, मग त्याच्या वरची. पायरी चुकवून वरची आधी घेतली तर पाठीमागे एक आडवा धागा राहून जातो, तो नंतर बांगडीत अडकतो. शेवटचा फास डाव्या सुईवर चढवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा, नाहीतर टाक्याला पीळ पडतो. निसटलेला टाका उलट असेल तर? विणकाम पालथं करा, तो सुलट झाला. बारा ओळी खाली गेलेला टाका पाच मिनिटांत वर येतो. मी ज्यांना ज्यांना हे दाखवलं, त्यातल्या एकीनेही पुन्हा अर्धवट स्वेटर टाकून दिलेला नाही.

जाळीच्या नक्षीत मात्र शिडी चढणं अवघड, कारण तिथे टाके वाढवलेले-घटवलेले असतात. तिथे आधीच सावध राहायचं. दर आठ-दहा ओळींनी, साध्या ओळीवर, वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा मोठ्या सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. मी त्याला आधारदोरा म्हणते. पुढे काही बिघडलं तर सुई काढून खुशाल उसवावं; उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते आणि सगळे टाके ओळीने वाट बघत असतात.

क्रोशात ही भीती नाही. तिथे एका वेळी एकच फास जिवंत असतो, बाकीचे सगळे बंद झालेले. धागा सुटला तर शेवटच्या टोकापासून मागे मागे उसवतो, मधूनच शिडी पडत नाही. या एका फरकाचा परिणाम कारखान्यांपर्यंत जातो. सुयांवरच्या विणकामात ओळीतला प्रत्येक टाका सुईवर असतो, मग प्रत्येक टाक्याला एक आकडा दिला की यंत्र तयार. नॉटिंगहॅमशरमधल्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली या पाद्र्याने १५८९ मध्ये पायमोजे विणण्याचं यंत्र केलं ते असंच, आणि आज आपल्या अंगावरचे टीशर्ट त्याचेच वंशज आहेत. क्रोशाच्या सुईला दर टाक्याला नवी जागा शोधावी लागते: मागच्या खांबात, त्याच्या बाजूच्या पोकळीत, कधी दोन ओळी खाली. कारखान्यात चालेल असं खऱ्या क्रोशाचं यंत्र अजून बाजारात नाही. मॉलमध्ये चारशे रुपयांना क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला, आणि तो खरोखर क्रोशाचा असला, तर तो कोणाच्या तरी बोटांनी विणलेला आहे. त्या बाईला किती मिळाले असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

असा हिशेब एकीने खरोखर मांडला. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली आलं. त्यांनी दाखवलं ते असं की, लेस जगाच्या बाजारात विकली जात होती, व्यापारी मोठे होत होते, आणि विणणाऱ्या बायका मात्र 'गृहिणी', त्यांचं काम 'फावल्या वेळातलं'. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे रुखवतात मांडलेल्या क्रोशाच्या रुमालांना आणि तोरणांना आपण काय म्हणत आलो? हौस.

शब्दांच्या बाबतीत मात्र मराठी बायकांनी जगाला हेवा वाटावा असं काम करून ठेवलं आहे. क्रोशाचा एक बुटका टाका ब्रिटिश पुस्तकात 'डबल क्रोशे' असतो, अमेरिकन पुस्तकात तोच 'सिंगल'. ब्रिटिशांचा 'ट्रेबल' तो अमेरिकेचा 'डबल'. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि नमुना कुठल्या देशातला हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. मराठीत भानगडच नाही. फासात सुई घालून धागा ओढला, सुईवरच्या दोन फासांतून एकदम काढला: मुका खांब. आधी सुईवर एक वेढा घेतला आणि दोन-दोन करून सोडवलं: खांब. मुका खांब उभा राहतो न राहतो, खांब ताठ उभा. नावातच टाक्याची उंची दिसते. इंग्रजी नमुना हाती आला की पहिल्यांदा समासात साखळी, मुका खांब, खांब असं मराठीत उतरवून घ्यावं. नमुन्यात 'सिंगल' शब्द कुठेही आला असेल तर तो अमेरिकन, एवढी खूण पुरे. ब्रिटिश पुस्तकांत 'सिंगल' सहसा भेटत नाही.

आकड्यांचा घोळ याहून वाईट आहे आणि त्यात मी स्वतः आपटले आहे. भाच्यासाठी एका अमेरिकन नमुन्यावरून स्वेटर विणायला घेतला. सुया ८ नंबरच्या लिहिल्या होत्या, आईच्या डब्यात ८ नंबर होत्याच. दोन महिन्यांनी जे तयार झालं ते त्याच्या धाकट्या बहिणीला झालं, तेही जेमतेम. आपल्याकडे चालत आलेले नंबर ब्रिटिश, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले तारेचे गेज. तार जितक्या जास्त भोकांतून ओढावी तितकी बारीक होते आणि नंबर वाढतो. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, आपली १० नंबरची सुईही सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाडी. त्यामुळे आपली ८ नंबर ४ मिलिमीटर आणि त्यांची ५; आपली ६ नंबर ५ मिलिमीटर आणि त्यांची ४. मधली ७ नंबर तेवढी दोघांकडे साडेचार. त्यांची १० नंबर तर ६ मिलिमीटर, आपल्या १० च्या जवळजवळ दुप्पट.

सुई बरोबर असली तरी हात प्रत्येकीचा वेगळा. कोणी घट्ट विणतं, कोणी सैल. म्हणून आधी साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजायचे. कंटाळवाणं आहे, कबूल. पण गणित बघा. नमुन्याला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके हवेत आणि घेर ८८ सेंटिमीटर, तर टाके १९४. तुमच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० च बसत असतील तर तेच १९४ टाके ९७ सेंटिमीटर होतील. चौकोनात दोन टाक्यांचा फरक, अंगावर ९ सेंटिमीटरचा झोळ. टाके जास्त भरले तर जाड सुई, कमी भरले तर बारीक.

बाळंतविडा करणाऱ्यांनी एक माप आणखी लक्षात ठेवावं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या छातीपेक्षा घेराने थोडं मोठंच असतं. छातीच्या मापाने केलेलं झबलं गळ्याशी घट्ट बंद केलं की डोक्यातून जात नाही, आणि बाळ जो आकांत करतं तो सगळ्या घराला ऐकू जातो. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घ्यावी, किंवा खांद्यावर बटणपट्टी ठेवावी. गळ्यात लांब नाडी आणि मोठी जाळी नको. बाळाची बोटं जाळीत अडकतात.

आणि लोकर. दुकानात 'लोकर' म्हणून जो गुंडा मिळतो तो बहुतेकदा अॅक्रिलिकचा असतो. वाईट नाही, धुवायला सोपा, रंग पक्के. पण ती लोकर नव्हे. आपली खरी लोकर धनगरांच्या दख्खनी मेंढीची, रखरखीत. ती सणगरांच्या मागावर चढते आणि चिंचोक्याची खळ लागून घोंगडी होते. स्वेटरला ती टोचते. गुंडा कशाचा हे बघायचं तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. म्हणूनच गॅसवरचं भांडं उतरवायचे क्रोशाचे चौकोन अॅक्रिलिकचे कधीही करू नयेत, ते बोटांना चिकटतं. तिथे सुतीच दोरा.

या फरकामुळे जोडही बदलतो. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. दोन टोकं उलगडून एकमेकांवर ठेवली, ओली केली आणि तळहातावर जोरात चोळली की ती एकजीव होतात, गाठ लागत नाही. अॅक्रिलिकमध्ये कितीही चोळा, काही होत नाही. तिथे ओळीच्या कडेलाच नवा गुंडा सुरू करावा, १०-१५ सेंटिमीटरचं शेपूट सोडावं आणि शेवटी ते सुईने टाक्यांच्या वाटेवरून एकदा जात, एकदा परत असं ओवून टाकावं. मध्येच मारलेली गाठ पहिल्या चार धुण्यांत सुटते, आणि सुटते ती बरोबर छातीवर.

आईच्या वहीतला तो ११० टाक्यांचा स्वेटर मी गेल्या वर्षी पुन्हा विणला. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर हे आता ठाऊक होतं. लोकर कुठली होती ते तीन चौकोन विणून शोधावं लागलं, तिसरा जमला. तुमच्या घरात अशी वही असेल तर एवढं करा: सुयांच्या प्रत्येक नंबरापुढे मिलिमीटर लिहा, जुन्या स्वेटरवर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजून लिहा, आणि ती लिहिणारी बाई अजून विणत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून एक टाका मुद्दाम निसटू द्या.