घरातच वाढणारा शत्रू

श्रावणाच्या सरी पडून गेल्या, की परसातले गवत गुडघ्याएवढे वाढते आणि तिन्हीसांजेला घरात डासांची गुणगुण सुरू होते. कोणी तापाने आजारी पडले, की सारे जण गावाबाहेरच्या डबक्याकडे बोट दाखवितात. डबके अगदीच निर्दोष असते असे नव्हे. हत्तीरोग पसरविणारा डास अशाच घाण पाण्यात वाढतो. परंतु डेंग्यूचा डास सहसा तेथे जन्म घेत नाही. त्याला निवळ पाणी लागते, आणि ते त्याला माणसाच्या घरादारात मिळते.

डासापासून ताप येतो, ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हिवताप होतो, अशी पूर्वी लोकांची समजूत होती. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी सूक्ष्मदर्शक यंत्रातून एका डासाचे जठर पाहिले, तेव्हा त्यात त्यांना हिवतापाचे परजीवी आढळले. या संशोधनाबद्दल त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे मुंबई शहरातील हिवतापाची पाहणी झाली. डॉ. चार्ल्स बेंटले यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून एक नवलाची गोष्ट पुढे आली. तापाचे मूळ दूरच्या दलदलीत नव्हते; ते घरांलगतच्या विहिरींत होते. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असे ठरताच पुष्कळ लोकांनी विरोध केला. विहीर त्यांना पवित्र वाटे, तिचे पाणी धर्मकृत्यांना लागे. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण डासाला पवित्र आणि अपवित्र पाणी यांतला भेद कळत नाही!

डेंग्यूचा डास काळसर असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. चावते ती मादीच, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. नर फुलांच्या व झाडांच्या रसावर जगतो. पिंप, हौद, कुंडीखालची ताटली, अंगणात पडलेली करवंटी, मोटारीचा जुना टायर, एवढ्यांत जरासे पाणी साचले, तरी तिचे काम भागते. अंड्यातून अळी निघते. ती पाण्यात वळवळते आणि श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाशी येऊन खाली डोके करून लटकते. अळीचा कोष होतो आणि कोषातून पंख फुटलेला डास बाहेर पडतो. उबदार हवेत या साऱ्याला आठदहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असे आरोग्य खाते सांगते. डास वयात येण्यापूर्वीच त्याचे पाणी तुटते.

गवत कापावे की नाही? अवश्य कापावे. ओलसर, सावलीच्या गवतात व झुडपांत डास दिवसा दडून बसतात. ते आखूड ठेवले, तर त्यांचा आसरा जातो. मात्र डासांची पैदास त्याने थांबत नाही. धुराचेही तसेच आहे. धूर उडत्या डासांना मारतो. पाण्यातल्या अळ्या सुखरूप राहतात. जो हौद रिकामा करणे शक्यच नसते, त्यात गप्पी मासे सोडतात. बोटाच्या पेराएवढे हे मासे अळ्या मटकावतात.

डेंग्यूच्या मादीची एक खोड मात्र फार घातक आहे. ती आपली अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटविते. पाणी ओतून दिले, तरी ती तेथेच राहतात आणि कोरड्या भिंतीवर महिनेच्या महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले, की त्यांतून अळ्या बाहेर येतात. तेव्हा पिंप नुसते उपडे करून भागत नाही. ते आतून काथ्याने खसखसून घासावे लागते.