एक्सएमएल प्रवाहाचे संदेश-विभाजन

एकाच जाल-जोडणीवरून लागोपाठ येणारे एक्सएमएल दस्तऐवज परस्परांपासून अलग करण्याची क्रिया. टीसीपी हा वहन-नियम बाइटांचा क्रम अबाधित ठेवतो. संदेशांच्या सीमा मात्र राखीत नाही. त्यामुळे एका वाचनात अर्धा किंवा दीड दस्तऐवजही हाती येतो. एक्सएमएलच्या नियमांनुसार (१९९८) दस्तऐवजात एकच मूळ घटक असतो. परंतु त्याच्या समाप्तीनंतरही टीपा येऊ शकत असल्याने दस्तऐवज संपला, हे विश्लेषक आज्ञावलीस निश्चित कळत नाही.

विभाजनाच्या प्रमुख पद्धती तीन आहेत : (१) विभाजक चिन्ह : जालसाधनांच्या नियंत्रणासाठी असलेल्या नेटकॉन्फमध्ये २००६ साली ‘]]>]]>’ हे चिन्ह ठरविण्यात आले. ते टीपांमध्ये व गुणमूल्यांतही वैधपणे येऊ शकते. म्हणून २०११ मध्ये प्रारंभीच्या परिचय-संदेशानंतर लांबी नमूद केलेले खंड पाठविण्याची पद्धत आली. (२) पूर्वलांबी : क्षेत्रनाम-नोंदणीच्या ईपीपीमध्ये प्रत्येक संदेशाच्या आरंभी चार बाइटांत एकूण लांबी देतात. (३) अखंड दस्तऐवज : एक्सएमपीपीमध्ये प्रत्येक दिशेचा संपूर्ण प्रवाह हाच एक दस्तऐवज असून मूळ घटकातील प्रत्येक प्रथमस्तरीय उपघटक हा सामान्यतः स्वतंत्र संदेश होय.

सीमा एकदा चुकली, की पुढील संदेशही चुकीचे वाचले जातात. शिवाय मजकुरात विभाजक दडवून बनावट आज्ञा घुसविता येते. यास्तव लांबीची कमाल मर्यादा घालणे व सीमा मजकुरावर अवलंबून न ठेवणे श्रेयस्कर ठरते.