मिटलेली वही

परीक्षा जवळ आली की महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. वर्षभर तासाला न बसलेलेही कुणाच्या तरी सुवाच्य वहीच्या प्रती काढून नेतात. 'नोट्स मिळाल्या' या शब्दांतला दिलासा समजण्यासारखा आहे; त्यामागचे गृहीतक मात्र तपासून पाहायला हवे. ज्ञान वहीत असते आणि वही हाती आली की ते आपले होते, असे ते गृहीतक. स्मरणाविषयीचे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले संशोधन याला दुजोरा देत नाही. वहीचा मोठा उपयोग ती मिटल्यावर सुरू होतो, असे त्यातून दिसते.

या संशोधनाचा पाया हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली घातला. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थहीन अक्षरगटांच्या माळा पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्याच पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचे. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के भरली, एका दिवसानंतर सुमारे ३४ आणि महिन्यानंतर सुमारे २१. म्हणजे विस्मरणाची मोठी घसरण पहिल्याच दिवशी होते, पुढची गळती संथ असते. याहून उपयोगाचा त्याचा दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण महाग का पडते, याचा हा जुना हिशेब आहे.

पण आवर्तन म्हणजे नेमके काय करायचे? अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे उत्तर मिळते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर पारडे फिरले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला चांगले लक्षात राहील, असा भरवसा अधिक होता तो वाचणाऱ्यांनाच.

फसगत होते ती इथे. पान चौथ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे म्हणजे येणारे, असा आपला समज होतो. परीक्षेच्या दालनात मात्र पान समोर नसते. केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. पुनर्वाचन आणि मजकूर अधोरेखित करणे, या विद्यार्थ्यांच्या लाडक्या पद्धती, कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काही दिवसांत विभागणे, या दोन पद्धती सर्वांत वर राहिल्या.

हे ऐकून घोकंपट्टीचेच नवे समर्थन चालले आहे, अशी शंका येईल. मौखिक अध्ययनाची आपली परंपरा या बाबतीत अधिक काटेकोर होती. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत. लिहिलेले पाहून वाचणारा त्यांत आहे, आणि अर्थ न जाणणाराही आहे. पोथीवर विसंबणे आणि अर्थाविना पाठ म्हणणे, हे दोन्ही दोष एकाच यादीत आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग टिपणे काढायची तरी कशी? कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडलेली रीत अजून टिकून आहे. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद, तळाशी चार-पाच ओळींची जागा. तासाला उजवीकडे टिपायचे. त्याच दिवशी डावीकडे त्या मजकुरावरचे प्रश्न किंवा सूचक शब्द लिहायचे आणि तळाशी सारांश. नंतर उजवी बाजू झाकायची आणि डाव्या बाजूच्या प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत सांगायची. आपल्या वह्यांना समास असतोच. तो थोडा रुंद केला की झाले.

यासाठी तासाला शब्दन्‌शब्द उतरवून घेण्याची सवय सोडावी लागते. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे घेत होते. तसे करू नका, असे बजावल्यावरही ती सवय गेली नाही. हाताने लिहिणारे आकलनाच्या प्रश्नांत सरस ठरल्याचा त्यांचा निष्कर्ष पुढच्या पडताळणीत तितका ठामपणे टिकला नाही. त्यामुळे पेन की कळफलक, हा वाद बाजूला ठेवावा. ऐकलेले मनात घोळवून लिहिले का, हा प्रश्न महत्त्वाचा.

मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजीत शिकू लागलेल्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. भाषा निसटू नये म्हणून तो प्रत्येक वाक्य उतरवत राहतो, आणि तास संपतो तेव्हा वही भरलेली आणि विषय दूरच, अशी स्थिती होते. त्याने पारिभाषिक शब्द इंग्रजीत ठेवून अर्थ बेलाशक मराठीत टिपावा, समासातले प्रश्नही मराठीत घालावेत. विषय समजल्यावर तेच उत्तर इंग्रजीत लिहून पाहावे. समज आणि भाषा अशा दोन चढणी एकाच दमात चढण्याची सक्ती त्यामुळे उरत नाही.

या सगळ्याला लागते ती साधी वही आणि रोजची वीस-पंचवीस मिनिटे: त्या दिवशी एकदा, दोन-तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा. आठवताना अडखळायला होते, आपल्याला काही येत नाही असे वाटते, आणि म्हणूनच अनेक जण पुन्हा वही उघडून वाचू लागतात. त्या अडखळण्यातच शिकणे चाललेले असते, एवढे कुणी वेळेवर सांगितले, तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, शिकवणीची फी न परवडणाऱ्या मुलामुलींचे कितीतरी कष्ट वाया जायचे वाचतील.