जुन्या चिठ्ठीवरचे नवे दुखणे

संधिवाताने आखडलेल्या गुडघ्यांनी कचेरीचे जिने चढणाऱ्यास डायक्लोफेनॅकची गोळी वरदान वाटावी, यात नवल नाही. परंतु डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात वर्षभर चालू लागते, तेव्हा त्या वरदानाचा शाप होतो.

सूज आणि वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये अॅस्पिरिनसारख्या औषधांमुळे कमी तयार होतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. परंतु हीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. साहजिकच वेदना शमते, तसा जठरात व्रण होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. जठराला सौम्य म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिबही हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले.

तेव्हा मात्रा कमीत कमी असावी, दिवसही थोडेच असावेत. दोन वेदनाशामके एकत्र घेऊ नयेत. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीचा व्रण, रक्त पातळ करणारे औषध, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

वेदना मुकाट्याने सोसावी, असे कोणीच म्हणणार नाही. मात्र गुडघ्याच्या सुखासाठी जठर आणि मूत्रपिंड गहाण टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.