पावसाळ्यात चेन सांभाळा

सायकलची चेन झिजते ती मुख्यतः तेलाला चिकटलेल्या बारीक वाळूने. मळक्या चेनवर तेल ओतलं की ही वाळू थेट पिनांपर्यंत पोचते. म्हणून आधी फडक्याने नीट पुसा. मग पेडल उलटं फिरवत प्रत्येक जोडावर एकच थेंब सोडा आणि थोड्या वेळाने बाहेरचं तेल टिपून घ्या. तेल आतल्या पिनेला हवं, बाहेरच्या पट्ट्यांना नव्हे. गंज सोडवायचा स्प्रे हा तेलाला पर्याय नाही.

झीज मोजायला फूटपट्टी पुरते. नव्या चेनमध्ये कोणत्याही पिनेपासून पुढची 24वी पिन बरोबर 12 इंचांवर असते. हे अंतर 1/16 इंचाने वाढलं की चेन बदला. 1/8 इंचापर्यंत थांबलात, तर फ्रीव्हीलचाही खर्च बहुधा सोबत येतो.