दाबलं तरी ढिम्म

2020 च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागल्या आणि त्याच महिन्याच्या 3 तारखेला ‘निसर्ग’ वादळाने रायगडातले विजेचे खांब आडवे केले. त्या धांदलीत पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांत टॅब आले. काही नवे होते, काही मुंबईच्या नातेवाइकांनी वापरून दिलेले. आता ती मुलं कॉलेजात गेली आणि टॅब आजी-आजोबांच्या वाट्याला आला. पडदा ठीक, आवाज ठीक, बॅटरीही कीर्तन संपेपर्यंत टिकते. फक्त बटण दाबलं की ढिम्म. मग ‘गेला टॅब’ म्हणून तो कपाटावर चढतो. सगळ्या टॅबमधला हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि निकाल लागतो तो त्याच्यावरूनच. याचं कारण बटण कसं आहे यापेक्षा ते कुठे बसवलंय यात आहे.

आपण बोटाने दाबतो ती नुसती प्लॅस्टिकची टोपी. तिच्याखाली पातळ स्टीलची, उलट्या ठेवलेल्या वाटीसारखी फुगीर चकती असते. दाब पडला की ती आत दबते, खालचे दोन संपर्कबिंदू जोडते आणि बोट उचललं की पुन्हा वर येते. तो ‘टक्’ आवाज तिचाच. मेकॅनिक याला टॅक्ट स्विच म्हणतात, आणि तो ज्या लवचिक पट्टीवर बसतो तिला स्ट्रिप. अशा स्विचचं आयुष्य बनवणारे बऱ्याचदा एक लाख दाबण्यांच्या आसपास सांगतात. दिवसाला शंभर वेळा दाबलं तर वर्षाचे साडेछत्तीस हजार झाले; म्हणजे तीन वर्षांच्या आतच हिशेब पूर्ण. प्रत्यक्षात पुष्कळ स्विच त्यापुढेही चालतात. कोकणात मात्र त्यांना दाबण्याइतकाच त्रास हवेचा होतो.

साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याच्या पुढेच असते. बोटाच्या घामातलं मीठ बटणाच्या फटीत साचतं, जूनपासून ओलं होतं आणि धातूच्या बिंदूंवर हिरवट-पांढरा थर चढवतं. खाडीकाठी, पेणच्या खारेपाटात तर हवेतूनही त्यात भर पडते. म्हणून उन्हाळ्यात नीट चालणारं बटण श्रावणात रुसतं आणि दिवाळीनंतर कधीकधी आपोआप सुधारतंही. ते बरं झालं असं मात्र समजू नये. थर वाळला, एवढंच.

पेणला याहून वेगळा एक शत्रू आहे. पेण शहरात, हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांतून गिऱ्हाइकाला मूर्तींचे फोटो दाखवायला टॅब सोयीचाच, आणि तिथली हवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या भुकटीने भरलेली. ही भुकटी म्हणजे पाणी काढून घेतलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. मूर्ती उभी राहते ती याच गुणावर. आता हीच भुकटी बटणाच्या फटीत आहे आणि आपण टॅब ‘स्वच्छ’ करायला ओलं फडकं फिरवलं, तर काय होईल हे कारखान्यातल्या पोरालाही सांगावं लागणार नाही. तिथे आधी कोरडा ब्रश. टॅब आडवा धरून फट खाली ठेवायची, जुन्या मऊ टूथब्रशने झाडायचं, हातपंपाने हवा मारायची. तोंडाने फुंकर घालू नये, तोंडाची वाफ आत जाते. शाडूची माती इतकी घट्ट होत नाही, पण ओल्या फडक्याने तिचाही चिखलच होतो.

ओला झालेला टॅब तांदळात पुरून ठेवायचा उपायही भाताच्या या मुलखात भलताच लोकप्रिय आहे. ॲपलने 2024 मध्ये आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण तांदळाचे बारीक कण आत शिरतात. पोह्यांनाही तोच नियम, मग ते पेणचे असले तरी.

दुरुस्तीआधी पाहायचं ते हे, की बिघाड नेमका कुठे आहे. दाबल्यावर ‘टक्’ होतं, पण टॅब दाद देत नाही, तर दोष बहुधा संपर्कबिंदूंवर किंवा स्ट्रिपमध्ये. ‘टक्’च होत नाही, बटण मऊ पडलंय, तर चकती थकली किंवा टोपी सरकली. बटण दाबलेलंच राहतं, आवाज आपोआप वाढत जातो किंवा टॅब पुन्हापुन्हा चालू-बंद होतो, तर बटण घाणीने चिकटलंय. पण सगळ्यात आधी कव्हर काढून पाहा. कव्हरची कड बटणावर टेकलेली असते आणि लोक दुकान गाठतात! जुन्या आयपॅडवर बंद करायची पट्टी पडद्यावर आणून मग होम बटण दाबून धरायचं, याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणण्याची पद्धत आहे. त्याने चालू असलेलं ॲप बंद होतं. बटणाचं कॅलिब्रेशन वगैरे काही होत नाही.

न उघडताही बरंच निभतं. आयपॅडवर 2011 पासून ‘असिस्टिव्ह टच’ आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत तो चालू केला की पडद्यावर एक गोल तरंगतो आणि होम, लॉक, आवाज सगळं त्यातून होतं. जुन्या आवृत्त्यांत ॲक्सेसिबिलिटी ‘जनरल’च्या आत लपलेली असते. सॅमसंगच्या पुष्कळ टॅबमध्ये असाच ‘असिस्टंट मेनू’ आहे. आयपॅड 2 पासून पडद्याच्या कडेजवळ चुंबक ओळखणारा सेन्सर आहे. स्मार्ट कव्हर उघडताच पडदा उजळतो तो त्याच्यामुळे. पॉवर बटण गेलेल्या आयपॅडला असं कव्हर घातलं की बटणाचं रोजचं काम संपलंच. पूर्ण बंद पडलेला आयपॅड चार्जर लावल्यावर आपोआप सुरू होतो. अँड्रॉइड टॅब बहुधा नुसतं बॅटरीचं चित्र दाखवून गप्प बसतो, म्हणून त्याचं पॉवर बटण दगा देऊ लागलं तर बॅटरी शून्यावर जाऊ द्यायची नाही. आजोबांच्या टॅबसाठी माझ्या मते एवढ्यावर थांबणंच शहाणपणाचं.

साफ करायचंच असेल तर टॅब बंद करून, बाहेरची भुकटी आधी झाडून, मग नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कापसाच्या काडीवर एखादा थेंब घेऊन फटीत लावायचा, बटण पंधरा-वीस वेळा दाबायचं, अर्धा तास वाळू द्यायचं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनरने प्लॅस्टिक विरघळतं. आणि खोबरेल तेल? बटण चार दिवस मऊ चालतं, पाचव्या दिवसापासून धूळ धरतं.

उघडण्याबाबत माझं मत कडक आहे. मागे प्लॅस्टिकचं झाकण असलेले अँड्रॉइड टॅब घरी उघडता येतात. आयपॅड 2 आणि त्यापुढचे उघडू नयेत. आयपॅडची काच कडेने गोंदाने चिकटवलेली असते, गरम करून सोडवावी लागते, आणि होम बटण तिच्यामागे. तळाशी वाय-फायच्या अँटेनाची तार आहे. बटणापायी काच फुटली की दुकानदार ‘टच गेला’ म्हणतो आणि बटणाच्या कितीतरी पट खर्च सांगतो. त्यातही आयपॅड एअर 2 पासून, म्हणजे 2014 पासून, होम बटणात बोटाचा ठसा ओळखणारा भाग आला आणि तो त्याच आयपॅडच्या मुख्य बोर्डाशी बांधलेला असतो. दुसरं बटण बसवलं तर ते दाबलं जाईल, पण ठसा ओळखणार नाही. मूळ बटणच स्ट्रिपसकट जपायला मेकॅनिकला बजावून सांगा.

अँड्रॉइड टॅबची बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली आणून, तो बंद करून, सिमची ट्रे असेल तर काढून, गिटारची पिक किंवा जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीतून फिरवायचं. लोखंडी पेचकसाने उचकटू नका. झाकण निघालं की आधी बॅटरीकडे पाहा. ती फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवायचं, दाबायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत तर टाकायचीच नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे ती वेगळी द्यायची. बॅटरी ठीक असेल तर तिचा कनेक्टर पहिल्यांदा सोडवा, मगच स्ट्रिपला हात लावा. मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवून स्विचच्या दोन पायांना टोकं लावली की निकाल मिळतो. मोकळ्या बटणाला आवाज नको, दाबल्यावर हवा. दाबल्यावर आवाज तुटक येत असेल तर स्विच थकलाय. ज्यांचा हात सोल्डरिंगला बसलेला आहे अशा टीव्ही-रेडिओच्या मेकॅनिककडून तो बदलून घेता येतो, स्विचची किंमत काही रुपयेच. आख्खी स्ट्रिप मिळाली तर काम आणखी सोपं.

ती स्ट्रिप शोधायचा रोह्या-पेणहून नेहमीचा रस्ता म्हणजे गाडीने दिवा, तिथून मुंबई, आणि लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा पत्ता एका जागी मिळावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या टॅबचा भाग शेवटी गल्लीतल्या डबीतूनच निघतो. जाताना टॅबचं दुकानी नाव सांगून भागत नाही. पाठीमागचा बारीक अक्षरांतला मॉडेल क्रमांक लिहून न्या, आयपॅड 2 च्या नुसत्या वाय-फायवाल्यावर ए1395 असतो तसा. एकाच नावाच्या सिमवाल्या आणि बिनसिमच्या टॅबची पट्टी वेगळी असू शकते. जुनी स्ट्रिप काढलेली असेल तर तीच खिशात घालून न्या, आणि पैसे देण्याआधी कनेक्टर काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवून पाहा.